उजवा कौल

माझ्या मुलाने, स्वप्नीलने, मला देवाला एक प्रश्न विचारायला सांगितला होता. देवाने उत्तर दिलं. ते मी बदलून सांगितलं. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, आणि तीन वर्षं मी ती कोणापाशी बोललो नव्हतो.

आमचं गाव कणकवलीपासून आत. एके काळी गावची दीडशे-पावणेदोनशे माणसं मुंबईत गिरण्यांतून कामाला होती, आणि लालबागला आमच्या गावकरी मंडळाची एक खोली होती. तिथे पंचवीस-तीस जण पाळीपाळीने झोपायचे. मीही त्यांतलाच. लग्न, आजार, भावकीतलं भांडण, काहीही अडलं की आमचा माणूस म्हणायचा, ग्रामदेवाला, रवळनाथाला विचारून घेऊ. पण रजा सगळ्यांना मिळायची नाही. मग दसऱ्याला किंवा शिमग्याला जो गावी जाई, त्याच्याकडे बाकीचे आपापला प्रश्न देत. तो सगळं तोंडपाठ करून न्यायचा आणि घोटाळे व्हायचे. एकाच्या बैलाचं उत्तर दुसऱ्याच्या सोयरिकीला लागायचं.

संपाच्या वर्षी हाताला काम नव्हतं. त्याच खोलीत मंडळाच्या चिटणिसांकडून मी अक्षरं शिकलो. तेहतीस वर्षांचा होतो. लिहिता यायला लागल्यावर पहिलं काम हे केलं, की प्रश्नांची वही घातली. एकीकडे नाव आणि प्रश्न, समोर देवाचं उत्तर. तेव्हापासून चाळीस वर्षं मुंबईकरांचे प्रश्न मीच नेत होतो आणि उत्तरं मीच आणत होतो.

उत्तर मिळतं ते असं. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावीकडची पडली तर नाही. याला आम्ही कौल म्हणतो. परळच्या एका फिटरला ठरलेल्या सोयरिकीवर डावा कौल आला होता. मुलगी त्याच्या मनात भरली होती. त्याने मला जिन्यात गाठून विचारलं, "शिवा, नीट बघितलंस ना रे? तुझा उजवा तोच देवाचा उजवा ना?" मलाही वाईट वाटलं होतं. पण आला तो कौल मी सांगितला, आणि त्याने सोयरीक मोडली. मी कधी शब्द फिरवणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझी मंडळात पत होती. पैसा नव्हता, शिक्षण नव्हतं, ही होती.

स्वप्नील पंचविसाव्या वर्षी अमेरिकेला गेला. जाऊ की नको, हे त्याच्या आईने, अंबिकाने, मला विचारून यायला लावलं होतं. कौल उजवा आला. ती चार दिवस रडली आणि मग लाडवांच्या तयारीला लागली. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी ती गेली. तेव्हा विमानं बंद होती. भोईवाड्याच्या स्मशानात एका ओळखीच्या माणसाने फोन उभा धरला आणि स्वप्नीलने तिकडून बघितलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो बायकोला, अक्षदाला, आणि लेकीला, पूर्वीला, घेऊन कायमचा परत आला. मी ये म्हटलं नव्हतं. तोच म्हणाला, "बाबा, आता बस झालं."

आमची चाळ पुनर्विकासाला गेली होती. त्यामुळे परळला दोन खोल्यांचं घर भाड्याने घेऊन आम्ही चौघं एकत्र राहायला लागलो. त्याला लोअर परळला नोकरी लागली. घरात पुन्हा माणसांचे आवाज आले. पहिले दीड-दोन महिने मी इतका खूश होतो की खालच्या दुकानदाराने विचारलं, "काका, लॉटरी लागली काय?"

मग एक दिवस जेवताना शेअरचा विषय निघाला. तिकडच्या कंपनीने त्याला पगाराबरोबर दर वर्षी स्वतःचे थोडे शेअर दिले होते. चौदा वर्षांचे साठले होते.

मी विचारलं, "परत आल्यावर ते विकायला लागतात ना?"

"नाही बाबा. तिकडे असताना मिळालेले इकडे आल्यावरही ठेवता येतात. दर वर्षी रिटर्नमध्ये दाखवायचे, एवढंच. आणखी घ्यायचे असतील तर इथून ठरावीक रक्कम पाठवताही येते."

"म्हणजे पैसे तिकडेच?"

"कंपनी तिकडची, तर पैसे तिकडेच असणार ना?"

तो हसला. मी हसलो नाही. मला आमची खोली आठवली. संपानंतर कितीतरी जण मुंबई सोडून गावी गेले. ज्याने आपली वळकटी बरोबर नेली, तो पुन्हा आला नाही. आणि ज्याने ती खोलीच्या फळीवर ठेवली, "असू दे, लागली तर," असं म्हणून, तो चार-सहा महिन्यांत परत दारात उभा. हे मी एकदा नाही, वीस वेळा पाहिलं होतं. स्वप्नीलने आपली वळकटी अमेरिकेत ठेवली आहे, असं माझ्या डोक्यात बसलं. मी ते त्याला बोललो नाही. बोलायचं कसं? पोरगा सगळं सोडून माझ्यासाठी आला, आणि मी त्याला विचारू, पुन्हा कधी जाणार म्हणून?

त्याच पावसाळ्यात त्या शेअरचा भाव घसरायला लागला. बघता बघता निम्म्याच्या खाली आला. स्वप्नील ताट पुढ्यात घेऊन फोन बघायचा. त्याचे मित्र म्हणत होते, विकून मोकळा हो. अक्षदाचं म्हणणं, हात लावू नकोस, चढेल. परत आलेल्या माणसाला पहिली दोनेक वर्षं तिकडच्या विक्रीवर इथे कर लागत नाही, म्हणून विकायचे तर या मुदतीत विकावे, असंही एक होतं. त्याचं काही ठरेना. दसऱ्याच्या आधी तो माझ्या खाटेवर येऊन बसला.

"बाबा, गावी जाताय ना? माझं एक विचारून या."

"तू मानतोस हे?"

"मानतो की नाही ते माहीत नाही. आईने माझ्या दहावीपासून प्रत्येक गोष्टीला कौल लावलाय. एकदाही चुकला नाही. आणि तुम्ही सांगितलं की मी पुढे डोकं लावणार नाही. मला डोकं लावून लावून कंटाळा आलाय."

आतून अक्षदा म्हणाली, "देवाला आधी चार्ट दाखवा, बाबा. नाहीतर म्हणेल, कंपनी कुठली, धंदा काय?"

"अक्षू, मस्करी नको."

ती मस्करी करत होती, पण गावी गेल्यावर तसंच झालं. देवळात रामू गुरव पाकळ्या भिजवत बसला होता. त्याला मी प्रश्न सांगितला. तो म्हणाला, "शेअर म्हणजे नेमका काय ता? देवाक समजान सांगूचा लागतला."

"परदेशातल्या कारखान्यात वाटो."

"म्हणजे खंडान दिलेली जमीन?"

"तसाच समज."

"मगे सोपा आसा." त्याने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून मोठ्याने सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, महाराजा! आज ह्यो तुझो शिवा मुंबयसून तुझ्या पायाकडे इलो हा. त्याच्या झिलाची ठेव परदेशात आसा. ती थंयच ऱ्हवांदे, असा तुझ्या मनात आसात तर उजवो दी. इकून टाक म्हणत असशीत तर डावो दी, रे महाराजा!"

"व्हय महाराजा," मी म्हटलं.

तोंडातला शब्द संपायच्या आत उजवी पाकळी पडली. असा कौल क्वचित येतो. एरवी पाव-पाव तास बसावं लागतं.

"धडधडीत उजवो," रामू म्हणाला. "ठेय म्हणता देव."

"पुन्हा लावतंस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली. चाळीस वर्षांत मी हे कधी म्हटलं नव्हतं. वही पिशवीत होती. बाकीच्यांची उत्तरं मी देवळाच्या पायरीवर बसून लिहिली. स्वप्नीलच्या नावासमोरची जागा तशीच सोडली.

मी तिथे काही ठरवलं, असं नाही. गाडीतही माझ्या मनात उजवाच होता. सकाळी दादरला उतरलो. स्वप्नील गाडी घेऊन आला होता. अंगात त्या तिकडच्या कंपनीचा टी-शर्ट, छातीवर मोठ्या अक्षरांत तिचं नाव. माझी पिशवी मागच्या सीटवर टाकता टाकता तो सांगत होता, "बाबा, माझ्या जुन्या साहेबाचा फोन होता. म्हणाला, कधीही ये, तुझी खुर्ची तशीच आहे." तो सहज सांगत होता. त्याला त्याचा अभिमान वाटत होता, एवढंच. हिंदमाताच्या सिग्नलला गाडी थांबली.

"हां, आणि देव काय म्हणाला?"

"डावा," मी म्हटलं.

"म्हणजे विकायचे?"

"विकायचे."

सिग्नल सुटला. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला. स्वप्नीलने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "बरं झालं. कोणीतरी एकदाचं सांगितलं." त्याचा चेहरा महिन्यांनी सैल झालेला बघून मला वाटलं, मी काही फार वाईट केलं नाही.

आठवड्याभरात त्याने सगळे विकले. अक्षदा दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पैसे इकडे आले, आणि मग मी दुसरी गोष्ट केली. चाळीच्या जागी टॉवर उभा राहत होता. त्यात मला भाडेकरू म्हणून लहानसा फ्लॅट मिळणार होता. त्याच मजल्यावर शेजारचा विकाऊ होता. मी म्हटलं, मधली भिंत काढली तर आपण सगळे एकत्र राहू. स्वप्नील म्हणाला, "चालेल बाबा." अमेरिकेतून आलेले सगळे पैसे त्याने त्यात घातले आणि वर कर्ज काढलं. सही केली त्या दिवशी आम्ही लालबागला मिसळ खाल्ली. वळकटी फळीवरून खाली आली, असं मी मनात म्हटलं.

अकराव्या मजल्यावर काम थांबलं. आधी म्हणाले परवानगी, मग म्हणाले दिवाळीनंतर. मग कळलं की बिल्डरचं दिवाळं निघालंय आणि प्रकरण कोर्टात गेलंय. जुन्या भाडेकरूंना बिल्डर देत होता ते भाड्याचे चेक बंद झाले. स्वप्नीलच्या पगारातून राहत्या घराचं भाडं आणि न झालेल्या घराचा हप्ता असे दोन्ही जायला लागले. नातीचा पोहण्याचा क्लास बंद झाला. अक्षदाने घरून काम घेतलं.

आणि तो शेअर चढला. नुसता चढला नाही. विकला त्या महिन्यात तो सगळ्यात खाली होता, असं पुढे अक्षदाने दाखवलं. दुसऱ्या वर्षी तिप्पट झाला, तिसऱ्या वर्षी सहापट. ती अधूनमधून म्हणायची, "बाबा, आज किती झाला, सांगू?" त्यात विष नव्हतं. थट्टाच होती, पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत जात नव्हतं.

स्वप्नील मात्र शांत असायचा. या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. त्याच्या ऑफिसातला कोणीतरी हळहळला, की तो म्हणायचा, "माझ्या नशिबात नव्हतं. आमच्या देवाने तेव्हाच नको म्हणून सांगितलं होतं. ठेवले असते तर कदाचित काही वाईट झालं असतं." एकदा पूर्वीला ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि ती बरी होऊन घरी आली. तेव्हा तो मला म्हणाला, "बघा बाबा, पैसे गेले पण हिच्यावरचं संकट गेलं." मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सांगावं असं तेव्हा शंभरदा वाटलं. पण मला भीती वाटली, आणि त्या भीतीला मी चांगलं नाव दिलं. स्वतःशी म्हटलं, त्याला एवढा एक आधार आहे, तो कशाला काढून घेऊ?

परवाच्या भाद्रपदात, एका रविवारी, तो बाजारातून आला. मासळीची पिशवी अक्षदाकडे दिली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"बाबा, जुन्या कंपनीने पुन्हा बोलावलंय. व्हिसा तेच करून देणार. पगार चांगला आहे आणि नवे शेअर देतायत."

"मग?"

"मग काय. ठरत नाही. इथलं बघितलं तर दोन वर्षांत आपण पार खाली जाणार. तिकडचं बघितलं तर तुम्ही इथे एकटे." तो थोडा हसला. "दसऱ्याला जाताय ना? विचारून या. या वेळीही मी डोकं लावणार नाही."

त्याने ते अगदी विश्वासाने म्हटलं. पुन्हा एकदा प्रश्न घेऊन जायचा, पाकळीकडे बघायचं, आणि येताना काय सांगायचं? उजवा आला तर तो माझ्या तोंडून निघेल, याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

"मी नाही विचारणार," मी म्हटलं.

"का?"

"मागच्या वेळी देव डावा नव्हता म्हणाला. उजवा म्हणाला होता. ठेव म्हणाला होता. मी तुला खोटं सांगितलं."

स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला. अक्षदा हात न धुता दारात आली. स्वप्नीलला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "तुम्ही विसरला असाल. इतक्या जणांचे प्रश्न असतात."

"विसरलो नाही. रामूला विचार फोन करून."

"पण का?"

मी त्याला वळकटीचं सांगितलं. खोली, फळी, कोण आला, कोण नाही आला, सगळं. मी शेवटी म्हटलं, "मला वाटलं, तिकडे काही राहिलं की तू जाणार."

"मग सरळ म्हणायचं ना, जाऊ नकोस."

"तू ऐकलं असतंस?"

"मी गेलोच कुठे होतो, बाबा?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "ते शेअर होते म्हणून तर मी यायची हिंमत केली. इथला पगार कमी, आणि मी चाळिशीला आलेला. पण मागे ते आहेत, पोरीचं शिक्षण त्यातून होईल, कधी नोकरी गेली तरी घर चालेल, असा विचार करून आलो. ती वळकटी नव्हती. ते इथे राहायचं भाडं होतं."

अक्षदा म्हणाली, "म्हणजे देवसुद्धा माझ्याच बाजूने होता." मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती आत गेली. थोड्या वेळाने विळीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी म्हटलं, "स्वप्नील, मला शिव्या घाल."

"काय घालू?" तो म्हणाला. "आई गेल्यावर तुम्ही वर्षभर एकटे होता. मला कळायला पाहिजे होतं." तो उठला, खुर्ची जागेवर ठेवली आणि खाली निघून गेला. जेवायला आला तेव्हा त्याने मला बांगड्याचा मधला तुकडा वाढला, रोज वाढतो तसा.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. पण एक बदल झाला. आधी तो मला बारीकसारीक विचारायचा. बाबा, गाडीचा विमा कुठला घेऊ, बाबा, पूर्वीला मराठी शिकवायला कोणाला सांगू, बाबा, हा आंबा पिकलाय का बघा. मला त्यातलं काही कळत असे असं नाही. पण तो विचारायचा आणि मी गंभीरपणे उत्तर द्यायचो. ते बंद झालं. आता तो सांगतो. विमा घेतला, बाबा. शिकवणीला उद्यापासून येणार आहेत, बाबा. आवाज तसाच गोड.

दसऱ्याला मी गावी गेलो नाही. मंडळाच्या नव्या चिटणिसाला निरोप दिला, की प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी न्यायला सांग, माझे गुडघे दुखतात.

दिवाळीच्या आठवड्यात एका संध्याकाळी स्वप्नील माझ्या खोलीत आला. मी खाटेवर बसलो होतो. तो बसला नाही, दाराला टेकून उभा राहिला.

"बाबा, मी होकार कळवलाय. जानेवारीत निघतो. शाळा संपली की अक्षू आणि पूर्वीही जूनमध्ये तिकडे येतील. तुमच्यासाठी दिवसभराची बाई बघितलीय, आनंदीबाई म्हणून, इथे डिलाइल रोडलाच राहतात. स्वभावाने चांगल्या आहेत."

"बरं," मी म्हटलं. मग विचारलं, "किती वर्षांसाठी?"

"ते नवे शेअर एकदम देत नाहीत. दर वर्षी चौथा हिस्सा हातात येतो. पूर्ण मिळायला चार वर्षं लागतात. ते मिळाले की परत."

"आणि ते इकडे आल्यावरही ठेवता येतील."

"हो. ते ठेवता येतील."

मी पंच्याहत्तर पूर्ण केली आहेत. चार वर्षांनी एकोणऐंशीचा होईन. हे मी बोललो नाही. पण त्यानेही तेच मनात मांडलं असावं, कारण तो माझ्याकडे बघायचा थांबला आणि खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत राहिला. मग अक्षदाने जेवायला हाक मारली, आणि तो "चला" म्हणून पुढे झाला.